व्यावसायिक सायकलपटूंचे उत्तेजक सेवनाविषयीचे जाहीर भाष्य : टूर द फ्रान्सच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास (इ. स. १९२४ ते २०१३)

प्रस्तावना :
टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत इ. स. १९०३ मध्ये सुरू झाली. या शर्यतीत उत्तेजक सेवनाचा इतिहास जितका दीर्घ आहे, तितकाच त्याविषयी पाळलेल्या मौनाचाही आहे. खेळाडूने या विषयावर जाहीरपणे केव्हा व कसे बोलावे, याचा ऐतिहासिक दाखल्यांच्या आधारे विचार करणे हा प्रस्तुत शोधनिबंधाचा हेतू आहे.

तक्रारीकडून मौनाकडे :
१९२३ चा विजेता आंरी पेलिसिए व त्याचा भाऊ फ्रान्सिस यांनी १९२४ मध्ये शर्यत अर्ध्यावर सोडली आणि कुतांस येथे पत्रकार आल्बेर लोंद्र यांना जवळचे कोकेन, क्लोरोफॉर्म व गोळ्या काढून दाखविल्या. तेव्हा बंदी नव्हती. त्यामुळे ही गुन्ह्याची कबुली नसून आयोजकांच्या जाचाविरुद्धची तक्रार होती. १९६५ मध्ये फ्रान्सने उत्तेजकविरोधी कायदा केला. १९६६ मध्ये बोर्दो येथे चाचण्या झाल्या, तेव्हा दुसऱ्या दिवशी सायकलपटूंनी खाली उतरून निषेध नोंदविला. १३ जुलै १९६७ रोजी माँ व्हाँतू पर्वतावर टॉम सिम्पसन याचा मृत्यू झाला. त्याच्या शरीरात अॅम्फेटामाइन आढळले. बंदीनंतर सेवन थांबले नाही, बोलणे मात्र थांबले.

बोलणाऱ्यांची अवस्था :
आयर्लंडच्या पॉल किमेज याने १९९० मध्ये आपल्या पुस्तकात स्वतःच्या सेवनासह सर्व हकिकत मांडली. सहकाऱ्यांनी त्याला घरभेदी ठरविले. १९९८ च्या फेस्टिना प्रकरणानंतरही स्थिती पालटली नाही. १९९९ मध्ये क्रिस्तोफ बासों याने वृत्तपत्रीय सदरातून उत्तेजकांविषयी लिहिले. लान्स आर्मस्ट्राँगने चालू शर्यतीत त्याला गाठून सुनावले, सहकाऱ्यांनी अबोला धरला आणि बासोंने शर्यत सोडली. डॉ. मिकेले फेरारी यांच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्या फिलिप्पो सिमेओनी याचा २००४ मध्ये आर्मस्ट्राँगने भर शर्यतीत पाठलाग केला.

नकार आणि विलंबित कबुली :
याउलट रिशार व्हिरांक याने दोन वर्षे नकार देऊन २००० मध्ये न्यायालयात कबुली दिली. १९९६ चा विजेता ब्यार्ने रीस २००७ मध्ये बोलला. आपण चाचणीत कधीही दोषी आढळलो नाही, हा आर्मस्ट्राँगचा युक्तिवाद वर्षानुवर्षे टिकला. तो चाचणीने नव्हे, तर २०१२ मध्ये अमेरिकी उत्तेजकविरोधी संस्थेपुढे आलेल्या २६ जणांच्या साक्षींनी कोसळला. त्यांत १५ सायकलपटू होते. त्याची सातही विजेतेपदे रद्द झाली. जानेवारी २०१३ मध्ये त्याने दूरचित्रवाणीवर कबुली दिली, तेव्हा गमावण्यासारखे फारसे उरले नव्हते.

निष्कर्ष :
१. सत्याचे मोल ते केव्हा सांगितले यावर ठरते. कारकीर्द चालू असताना बोलणाऱ्याने किंमत मोजली. विलंबाने बोलणाऱ्याने तोपर्यंत लाभ घेतला.
२. ‘चाचणीत दोषी नाही’ हे विधान निर्दोषत्वाचा पुरावा नव्हे. खेळाडूने ते उत्तर म्हणून वापरू नये.
३. भाष्य स्वतःच्या अनुभवापासून सुरू व्हावे. इतरांविषयीची माहिती मोघम आरोपांऐवजी साक्षीच्या रूपाने सक्षम यंत्रणेपुढे मांडावी.
४. स्वतः बोलण्याचे धैर्य नसलेल्या खेळाडूने निदान बोलणाऱ्यास एकटे पाडू नये. बासोंचा पराभव एका प्रतिस्पर्ध्याने नव्हे, तर अवतीभवतीच्या शेकडो मूक सहकाऱ्यांनी केला, हाच या इतिहासाचा मुख्य धडा होय.