तळे खुले कधी झाले?

शनिशिंगणापूरच्या घरांना दारे-कुलपे नसतात, ही गोष्ट महाराष्ट्रभर कौतुकाने सांगितली जाते. त्या गावापासून फार दूर नसलेल्या एका महाविद्यालयात मी इतिहास शिकवतो. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. दरवर्षी २० मार्चच्या सुमारास वर्गात महाडचा विषय निघतो. एका वर्षी शिंगणापूरच्या बाजूने येणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, बाबासाहेब पाणी प्याले त्या दिवशीच तळे खुले झाले ना?” मी सवयीने ‘हो’ म्हणालो.

ते उत्तर चूक होते. आणि ही चूक माझ्या एकट्याची नाही. आपण संघर्षाचा दिवस लक्षात ठेवतो; त्याच्या आधीची आणि नंतरची नियमांची लढाई विसरतो. म्हणून हा लेख.

चवदार तळ्याचा इतिहास हा एका सार्वजनिक पाण्यावर कोणाचा नियम चालणार, याचा इतिहास आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा राखलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात, असा तो ठराव. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर तळे १९२४ सालीच खुले होते! प्रत्यक्षात तीन वर्षे एकाही अस्पृश्याला तिथे ओंजळ भरता आली नाही. ठराव करणारी नगरपालिका होती. तो अमलात आणण्याची इच्छा मात्र गावाच्या व्यवस्थेत नव्हती.

२० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचे लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यांनी कोणताही नवा हक्क मागितला नव्हता. नगरपालिकेने दिलेला हक्क त्यांनी फक्त वापरला. त्यावर उत्तर काय आले? लाठ्या आल्या. मग पंचगव्य घातलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतून त्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. लाठीची जखम भरून येते. मागे घेतलेला ठराव मात्र पिढ्यान् पिढ्या रस्ता अडवून बसू शकतो.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा सनातन्यांनी नवी वाट शोधली. तळे सार्वजनिक नाहीच, ते ‘चौधरी तळे’ आहे, स्पृश्यांच्या मालकीचे आहे, असा दावा त्यांनी दिवाणी न्यायालयात केला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. पण न्यायालयाचा हुकूम डोळ्यासमोर ठेवून बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला आणि लोक तळ्याभोवती मिरवणूक काढून परतले. हजारो माणसे पाण्याच्या काठावरून तहानलेली परत फिरली. या परतण्याला मी माघार म्हणत नाही. पुढची दहा वर्षे लढाई न्यायालयात चालली.

१७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शेवटचा निकाल दिला. अनादिकाळापासूनची वहिवाट आहे, असे वादी म्हणत होते. न्यायालयाने विचारले, पुरावा कुठे आहे? पुरावा नव्हता. अपील फेटाळले गेले. पण एक गोष्ट विद्यार्थ्यांनी विसरू नये. अशी वहिवाट अन्याय्य आहे की नाही, हा प्रश्न न्यायालयाने ठरवलाच नाही. वहिवाटच सिद्ध झाली नाही, मग त्या प्रश्नाकडे जाण्याची गरज उरली नाही. अस्पृश्यतेचा पराभव झाला तो पुराव्याअभावी. नीतीच्या आधारे तो व्हायला १९५० उजाडावे लागले. संविधानाच्या पंधराव्या कलमाने विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि लोकांच्या येण्याजाण्याच्या जागा एका ओळीत बसवल्या. आज चवदार तळे बाहेरगावचे लोक पाहायला येतात, काठावर उभे राहून फोटो काढतात. ही मोकळीक त्या ओळीतून आलेली आहे.

हे सारे पुन्हा वाचताना मला आजी आठवली. १९७२ च्या दुष्काळात आमच्या गावाबाहेरच्या पाझर तलावाच्या भरावावर तिने मुरमाची घमेली वाहिली. पुढे पाणी साचले. तेव्हा आमच्या वस्तीतल्या बायांनी सांडव्याच्या खालच्या अंगाला भांडी भरायची, असे ठरले. कोणी ठरवले? आजीला सांगता येत नसे. “तसंच होतं बाबा,” एवढेच ती म्हणे. कुठे ठराव नव्हता, सही नव्हती. संविधान लागू होऊन वीस वर्षांवर काळ लोटला होता. तलाव मात्र नवा कोरा होता. त्याची ‘अनादि वहिवाट’ आमच्या डोळ्यांदेखत तयार झाली!

आता शिंगणापूर. ज्या गावच्या घरांना कुलूप नाही, तिथल्या शनीच्या चौथऱ्याला नियमाचे कुलूप होते. स्त्रियांनी वर चढायचे नाही. कारण विचारले की उत्तर एकच, परंपरा. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक स्त्री वर गेली आणि चौथऱ्याचे शुद्धीकरण झाले. महाडच्या घागरी आठवल्याशिवाय राहत नाहीत. ३० मार्च २०१६ रोजी उच्च न्यायालयाने १९५६ च्या मंदिरप्रवेश कायद्यावर बोट ठेवले. हा कायदा अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशाच्या लढ्यांतून आलेल्या कायद्यांच्या परंपरेतला. देवस्थानाने तेव्हा पुरुषांनाही चौथरा बंद केला. ८ एप्रिलला, पाडव्याच्या दिवशी, गावचे पुरुष बंदी मोडून पाणी घेऊन वर चढले आणि त्याच दिवशी चौथरा सर्वांना खुला झाला. आपल्या पूर्वजांनी झिजवलेल्या वाटेने सवर्ण स्त्रियाही पुढे गेल्या, याचा मला आनंद आहे. ती वाट कोणाची, हे मात्र सांगितले गेले पाहिजे.

पण दार उघडले म्हणजे कारभार बदलला असे नव्हे. विश्वस्त शिंगणापूरचेच असावेत, असा देवस्थानाचा दंडक होता. चौथऱ्यावर कोणीही जावे, वही मात्र ठरावीक घरांत राहावी! २०१८ साली विधिमंडळाला या देवस्थानासाठी वेगळा कायदा करावा लागला तो काही उगाच नाही.

त्या विद्यार्थिनीला मी दुसऱ्या आठवड्यात सांगितले, की माझे उत्तर चुकले. तळे १९२४ ला कागदावर उघडले, १९२७ ला आपण उघडले, त्याच साली त्यांनी बंद केले आणि १९३७ ला न्यायालयाने बंद करणाऱ्यांचा दावा कायमचा फेटाळला. मग वर्गाला एक काम दिले. प्रत्येकाने आपल्या गावच्या पाणवठ्याचा नियम म्हाताऱ्यांना विचारून लिहून आणायचा आणि ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात तो सापडतो का, ते पाहायचे.

बहुतेकांना कागद सापडला नाही. नियम मात्र प्रत्येकाच्या वहीत उतरला होता.