व्हेरा वँग : वधूवेशाला प्रौढत्व देणारे दालन

पाश्चात्त्य पद्धतीच्या उंची वधूवेशाचा विषय निघाला, की व्हेरा वँग हे नाव हटकून पुढे येते. या नावाला वलय लाभले त्याचे मूळ मात्र एका घरगुती अडचणीत आहे. १९८९ मध्ये चाळिशीच्या उंबरठ्यावर विवाहबद्ध होताना त्यांना मनाजोगता गाऊन मिळेना. दुकानांतील गाऊन फुगीर बाह्या, झालरी आणि मण्यांच्या भरगच्च कामाने नटलेले होते. ते विशीतल्या नवरीला शोभणारे होते. अखेर त्यांनी स्वत:च रेखाटन करून गाऊन शिवून घेतला.

चिनी स्थलांतरित कुटुंबात १९४९ मध्ये न्यूयॉर्क येथे जन्मलेल्या वँग यांचे पहिले स्वप्न बर्फावरील स्केटिंगचे होते. ऑलिम्पिक संघात स्थान न मिळाल्याने त्या 'व्होग' मासिकाकडे वळल्या. तेथे दीड दशकाहून अधिक काळ संपादकीय काम केल्यावर त्या राल्फ लॉरेन यांच्याकडे डिझायनर म्हणून रुजू झाल्या.

१९९० मध्ये वडिलांच्या आर्थिक पाठबळावर त्यांनी मॅडिसन अव्हेन्यूवरील कार्लाइल हॉटेलात वधूवेशाचे सॅलोन उघडले. सॅलोन म्हणजे येथे केशकर्तनालय नव्हे. वधूने वेळ ठरवून यावे, नमुन्याचे गाऊन अंगावर घालून पाहावेत, मापे द्यावीत आणि काही महिन्यांनी पुन्हा येऊन बेतशीर करून घ्यावे, अशी ही रीत. आरंभी येथे अन्य रचनाकारांचे गाऊनही विकले जात. पुढे वँग यांचे स्वत:चे संग्रह सादर होऊ लागले.

'कुटूर' हा शब्द अशा दालनांबाबत सैलपणे वापरला जातो. फ्रान्समध्ये मात्र 'ओत कुटूर' या बिरुदाला १९४५ पासून कायद्याचे संरक्षण आहे. पॅरिसमधील स्वत:ची कार्यशाळा आणि ग्राहकाच्या मापाने शिवण या त्याच्या प्रमुख अटी होत.

वँग यांनी अलंकरण कमी करून कापडाची पडण आणि कापणीची रेषा यांना महत्त्व दिले. नवरी ही स्वत:ची आवडनिवड असलेली जाणती स्त्री आहे, हे त्यात गृहीत होते. २०१२ च्या शरद संग्रहात तर त्यांनी काळ्या रंगाचे वधूवेश मांडले. २००५ मध्ये अमेरिकन फॅशन डिझायनर्स कौन्सिलने त्यांना वर्षातील सर्वोत्कृष्ट महिला-वस्त्र रचनाकार म्हणून गौरविले.

पण हे वस्त्र परवडणार कोणाला? २०११ मध्ये डेव्हिड्स ब्रायडल या साखळी दुकानांतून 'व्हाइट' ही तुलनेने स्वस्त श्रेणी आली, तेव्हा मध्यमवर्गीय वधूलाही हे नाव आवाक्यात आले. उलट, २०१३ मध्ये शांघायच्या दालनात गाऊन केवळ घालून पाहण्यासाठी ३ हजार युआन शुल्क आकारले गेल्याचे उघड होताच टीकेची झोड उठली आणि ते मागे घ्यावे लागले.

डिसेंबर २०२४ मध्ये हे नाममुद्रेचे हक्क 'डब्ल्यूएचपी ग्लोबल' कंपनी विकत घेणार असल्याचे जाहीर झाले. वँग यांच्याकडे सर्जनप्रमुखपद राहील, असेही तेव्हा सांगण्यात आले. एका वधूच्या गैरसोयीतून उभे राहिलेले नाव अशा रीतीने बाजारातील मोलाची मालमत्ता बनले.