वसईची बावखले

वसईच्या वाड्यांचे कौतुक मराठीत पुष्कळ झाले आहे. केळी, पानवेली, मोगरा, नारळी-पोफळी यांची वर्णने आमच्या वाचकांच्या परिचयाची आहेत, आणि ही हिरवाई म्हणजे निसर्गाचे देणे होय असे म्हणण्याची रीतही जुनी आहे. या रीतीपाशी आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. वसईचा नकाशा समोर ठेवावा. दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणेचे मुख, पश्चिमेस समुद्र. तिन्ही बाजूंस खारे पाणी. किनाऱ्यालगतच्या पट्ट्यातून गोड्या पाण्याची एकही बारमाही नदी वाहत नाही. पाऊस पडतो तो जूनपासून सप्टेंबरपर्यंत, साधारणतः २,००० मिलिमीटरांच्या घरात. मग आठ महिने आभाळ कोरडे. केळीला आणि पानवेलीला तर वैशाखातही पाणी लागते. ते पाणी कोठून आले, याचे उत्तर इतिहासातच शोधावे लागते.

जेमेल्ली कारेरी हा इटालियन प्रवासी १६९५ साली वसईस आला. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्याशी झालेल्या १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली होती, त्यास तेव्हा दीडशेहून अधिक वर्षे लोटली होती. कोटाबाहेर दूरवर बागाच बागा, माड, आंबे आणि मुबलक ऊस पाहिल्याचे कारेरीने नोंदविले आहे. त्याची पुढची नोंद आम्हांस अधिक मोलाची वाटते. या बागा ख्रिस्ती, मुसलमान आणि हिंदू असे सर्वच कष्टकरी कसतात आणि विशिष्ट यंत्रांनी पाणी देऊन त्या सदैव हिरव्या राखतात, असे तो सांगतो. ती यंत्रे म्हणजे आपले रहाटच, असे आम्ही समजतो. बड्या पोर्तुगिजांची उन्हाळी घरे याच गारव्यात होती. ती घरे गेली, १७३९ साली चिमाजी आप्पांनी कोट घेतला, पुढे इंग्रज आले. रहाट मात्र फिरत राहिला. कोटाच्या बुरुजांविषयी जितके लिहिले गेले त्याच्या शतांशानेही या रहाटांविषयी आणि ते ज्या खळग्यांतून पाणी उपसत त्यांविषयी लिहिले गेलेले नाही.

तो खळगा म्हणजे बावखल. ‘बाव’ म्हणजे विहीर, हे किनाऱ्यावरच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु बावखल ही विहीर नव्हे आणि तलावही नव्हे. विहिरीसारखी ती घडीव दगडांनी बांधलेली नसते. तिच्या कडा मातीच्याच, आणि निदान एका बाजूस उतार ठेवलेला, म्हणजे घडे घेऊन खाली उतरता यावे. ती हातांनी खणलेली असते. खणताना निघालेली माती आसपासच्या वाफ्यांवर पसरली की सखल जमीन आपोआप उंचावते. काठावर झाडे, पाण्यात मासे, उन्हात जनावरांना पाणी पिण्याची सोय. वाडवळ असो, सामवेदी असो, ख्रिस्ती असो वा हिंदू, ज्याची वाडी त्याचे बावखल, किंवा बावखलात वाटा.

या खळग्याचे खरे काम मात्र डोळ्यांना दिसत नाही. पावसाळ्यात शेतांवरून धावणारे पाणी बावखलात येऊन थांबते आणि सावकाश जमिनीत मुरते. मुरलेले गोडे पाणी किनाऱ्यावरच्या रेताड थरांत खाऱ्या पाण्याच्या अंगावर तरंगत राहते, कारण खारे पाणी जड असते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून सुमारे चाळिसाव्या हिश्शाने जड. या साध्या फरकावरून गायबेन आणि हेर्झबेर्ग या युरोपीय अभ्यासकांनी, एकोणिसावे शतक संपता-संपता, एक हिशेब मांडला: समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर खाली सुमारे चाळीस फुटांपर्यंत गोडे पाणी असते. मातीच्या आणि खडकाच्या थरांप्रमाणे हा आकडा जागोजाग बदलतो. परंतु हिशेबाची उलट बाजू ध्यानात घेतली पाहिजे. विहिरीची पातळी एक फूट उतरली आणि उतरलेलीच राहिली, तर खालून खारे पाणी कालांतराने चाळीस फूट वर चढते. वरून पाहणाऱ्याला विहीर भरलेलीच दिसते. पाण्याची चव तेवढी बदलते. आमच्या पूर्वजांना हे गणित ठाऊक नव्हते. रहाटाने त्यांना ते मोडू दिले नाही, इतकेच.

कारण रहाटाला बैल किंवा रेडा लागतो, आणि जनावर थकते. गाडग्यांची माळ फिरते, पन्हळीत पाणी पडते, पाटाने वाफ्यांत जाते. दुपारी जनावर सोडावे लागते आणि तेवढ्यात खालचे झरे खळगा पुन्हा भरतात. जिथे एका बावखलावर अनेक घरांचा हक्क, तिथे पाळी आली. आज यांचा रहाट, उद्या त्यांचा. पाळीवरून भांडणे झाली असतीलच. आम्ही पूर्वजांना देवदूत समजत नाही. तरीही ज्या पाण्यावर शेजाऱ्याची उद्याची पाळी आहे, ते आज संपविता येत नाही, एवढे बंधन त्या व्यवस्थेत होते. पाण्याला मानही होता. ईस्ट इंडियन समाजात लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचे पाणी’ आणण्याची चाल आहे. नळावर कोणी वाजंत्री नेल्याचे आम्ही अद्याप ऐकलेले नाही.

याच व्यवस्थेवर आगाशीची सुकेळी आणि वसईची पाने दूरच्या बाजारांत पोहोचली. १८६७ साली विरारहून मुंबईस जाणारी गाडी सुरू झाली आणि वाडीतला माल त्याच दिवशी शहरात उतरू लागला.

बिघाडाचे एक बीज कायद्यात होते. आपल्या जमिनीखाली झिरपणारे पाणी हवे तितके उपसण्याचा जमीनमालकाचा हक्क १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याने मान्य केला, आणि तो कायदा १८९१ मध्ये मुंबई इलाख्यास लागू झाला. इंग्लंडातील न्यायालयांची ही कल्पना. तिच्यात शेजाऱ्याच्या पाळीला स्थान नाही. रहाट होता तोवर या हक्काने फारसे नुकसान केले नाही, कारण बैलाची ताकद हीच त्याची मर्यादा होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंजिने आणि विजेचे पंप आले, आणि ती मर्यादा गेली. पंप थकत नाही. पुढे शेजारची उपनगरे वाढली, इमारतींना पाणी हवे झाले आणि वसईच्या विहिरींवर टँकर उभे राहिले. केळीच्या घडापेक्षा टँकरचे पैसे लवकर हाती पडत. पाणी विकणारे हात परके नव्हते, हे येथे नोंदविणे भाग आहे. ज्यांनी पिढ्यानपिढ्या पाळी सांभाळली, त्यांच्याच घरांतले काही होते.

१९८८ साली फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. वसईचा हरित पट्टा बांधकामासाठी खुला करण्यास तिचा विरोध होता, आणि टँकरने चाललेला पाण्याचा उपसाही तिने लढ्याचा विषय केला. त्या लढ्यात हिंदू व ख्रिस्ती शेतकरी खांद्याला खांदा लावून उतरले. कारेरीने तीनशे वर्षांपूर्वी पाहिलेली तीच माणसे, असे म्हणावेसे वाटते. फादर दिब्रिटो २०२० मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. जुलै २०२४ मध्ये ते निवर्तले. पुष्कळांना ते साहित्यिक म्हणून आठवतात. पाण्याच्या इतिहासात त्यांचे नाव वेगळ्या कारणाने राहील. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरांच्या आत परवानगीवाचून नवी विहीर खणण्यास मनाई करणारा राज्याचा कायदा १९९३ साली आला.

दरम्यान बावखले बुजत होती. वाडीचा भूखंड झाला की त्यातले बावखल म्हणजे नुसता खड्डा. भराव घातला की तेवढी जागा वाढते. २००९ साली महानगरपालिका झाली. तिची तहान आता धरणांवर अवलंबून आहे, त्यांत सूर्या नदीवरचे धामणीचे धरण प्रमुख. ते धरण डहाणू-पालघर भागातील शेतीसाठी आखले गेले होते आणि त्या शेतीत आदिवासींची शेती मोठी आहे. त्यांच्या वाट्याचे पाणी शहरांकडे वळविण्यास त्यांनी वेळोवेळी विरोध केला आहे. आपल्या अंगणातले पाणी विकून किंवा बुजवून झाल्यावर दुसऱ्याच्या अंगणातल्या पाण्यावर आपला हक्क किती, हा प्रश्न आपल्या धर्मग्रामांतून अजून मोठ्याने विचारला गेलेला नाही.

जुलै २०१८ मध्ये वसई अनेक दिवस पाण्याखाली होती. रेल्वे बंद पडली, वीज गेली, मिठागरांत माणसे अडकली. पाऊस अतोनात होता हे खरे, आणि नाले व पाणथळ जागा भरावाखाली गेल्या होत्या हेही तितकेच खरे. पावसाळ्यात घरात शिरलेले पाणी उन्हाळ्यात विहिरीत का नसते, याचा उलगडा त्या बुजलेल्या खळग्यांपाशीच होतो.

अलीकडच्या वर्षांत वसईतील काही गावांच्या तरुणांनी बावखले पुन्हा उघडण्याचे काम हाती घेतले आहे. जलपर्णी ओढून काढावी लागते, प्लॅस्टिक वेचावे लागते, गाळ उपसावा लागतो. हे कष्टाचे काम आहे, परंतु अवघड नाही. अवघड आहे ते सातबाराच्या उताऱ्यावर. पाळी वाटून घेणाऱ्यांचे वारस आता कोणी मुंबईत, कोणी आखातात, कोणी कॅनडात आहेत, आणि बावखलात प्रत्येकाचा हिस्सा अद्याप कायम आहे. त्या सर्वांच्या सह्या एका कागदावर आणण्यासाठी घरोघर फिरावे लागते.