डिप्लॉयमेंट, स्वयंचलित, व तारखेचे दोष

संगणक-प्रणालीची नवी आवृत्ती तपासून, बांधून, प्रत्यक्ष वापरातील सर्व्हरांवर चढविण्याची कामे हाताने आज्ञा न देता पूर्वलिखित क्रमाबरहुकूम यंत्राकरवी उरकण्याच्या पद्धतीस स्वयंचलित डिप्लॉयमेंट म्हणतात. तिने हातचुकी टळते. मात्र तारखेची चूक आज्ञावलीतच दडली असेल, तर तीही तितक्याच बिनचूकपणे सर्वत्र पोहोचते.

तारीख हा प्रशासकीय ठराव होय, याचा प्रत्यय रायगड जिल्ह्यातील लोहमार्गावर विशेष येतो. पेणच्या अलीकडचे जिते हे लहानसे स्थानक पनवेल–रोहा मार्गावर, मध्य रेल्वेच्या हद्दीत आहे. रोह्यापुढे कोकण रेल्वेचा अंमल सुरू होतो. मुंबईहून रात्री अकरानंतर सुटणारी कोकणकन्या एक्सप्रेस पनवेलला पोहोचते तो मध्यरात्र उलटलेली असते, सबब सोमवारी निघालेल्या याच गाडीत पनवेलला चढणाऱ्यास तिकीट मंगळवारचे काढावे लागते. त्यातच, दरडींच्या भयाने गाड्यांचा वेग कमी करणारे कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक अनेक वर्षे १० जून ते ३१ ऑक्टोबर या मुदतीत अमलात असे. २०२५ साली ती मुदत १५ जून ते २० ऑक्टोबर अशी झाली. १० जूनची जुनी मुदत धरल्यास, ९ जूनच्या रात्री मुंबई सोडून १० जूनला रोहा ओलांडणारी गाडी कोणत्या वेळापत्रकाची, याचा निर्णय प्रणाली लिहिणाऱ्याने आपल्या तर्काने न करता संबंधित खात्याकडून लेखी मिळवावा, हे उत्तम. ज्या प्रणालीत ‘१० जून’ आज्ञावलीतच कोरलेले असेल, तिला असल्या फेरबदलासाठी नवी आवृत्ती काढावी लागते. अंमलाची तारीख कोष्टकात ठेवली असल्यास एक नोंद बदलून भागते.

सर्व्हरांची घड्याळे बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर लावलेली असतात, आणि भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे आपल्याकडे मध्यरात्र उलटून पहाटेचे साडेपाच वाजेपर्यंत सर्व्हरच्या लेखी कालचाच दिवस चालू राहतो. दक्षता न घेतल्यास १ एप्रिलचे आर्थिक वर्ष आणि १ ऑगस्टचे महसुली वर्ष, दोन्ही संगणकात साडेपाच तास उशिरा उजाडतात.

लीप वर्षाचा दोष त्याहून फसवा, कारण तो चार चार वर्षे निद्रिस्त राहतो. मायक्रोसॉफ्टच्या अॅझ्युर सेवेत २९ फेब्रुवारी २०१२ रोजी, भारतात पहाटेचे साडेपाच झाले असता, सुरक्षा-प्रमाणपत्रांची मुदत ठरविताना सालात केवळ एक मिळविला गेला. २९ फेब्रुवारी २०१३ ही तारीखच अस्तित्वात नसल्याने प्रमाणपत्रे तयार होईनात आणि सेवा मोठ्या प्रमाणावर कोलमडली.

यावरील मुख्य उपाय असा, की आज्ञावलीने ‘आज’ कोणता हे यंत्राच्या घड्याळास परस्पर न विचारता बाहेरून स्वीकारावे. म्हणजे डिप्लॉयमेंटच्या पूर्वलिखित क्रमात, अर्थात पाइपलाइनमध्ये, २९ फेब्रुवारी, ३१ मार्चची मध्यरात्र किंवा वेळापत्रक पालटण्याचा दिवस कृत्रिम रीतीने आणून चाचणी घेता येते. नवी आवृत्ती प्रथम थोड्याच सर्व्हरांवर चढवावी व जुनी परत आणण्याची तजवीज ठेवावी, हा शिरस्ता आहेच. पण ३१ मार्चच्या सायंकाळी नवी आवृत्ती चढविण्याचा हव्यास काही कचेऱ्यांना का असावा, हे कोडेच आहे.

१ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या चिन्हयुक्त संख्येत मोजणाऱ्या प्रणालींची मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपते. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या हप्त्यांचे कोष्टक मांडणाऱ्या प्रणालींची या तारखेशी गाठ २०१८ सालीच पडली.