कसाबवरचा सिनेमा आणि सोलापूरचे कामटे साहेब: ‘द अटॅक्स ऑफ २६/११’मधली गोष्ट नेमकी कोणाची?

२६ नोव्हेंबर आला की सोलापूरकरांच्या स्टेटसला दोन गोष्टी हमखास दिसतात. एक म्हणजे अशोक कामटे यांचा वर्दीतला फोटो. आणि दुसरी, नाना पाटेकरांची ती शवागारातली क्लिप, ज्यात ते कसाबला त्याच्याच साथीदारांच्या मृतदेहांसमोर उभं करतात आणि त्याला खडे बोल सुनावतात. खाली कमेंट ठरलेली असते, ‘असं खरंच झालं होतं का?’

प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर द्यायला बसलं की गुंता वाढत जातो. खऱ्या दहशतवाद्यावर सिनेमा बनतो तेव्हा त्याच्याबद्दलची माहिती कोणी दिलेली असते? तो स्वतः काय सांगून गेला? त्याच्यावर सिनेमा काढायला कोणाची परवानगी लागते का? आणि त्याच रात्रीची आणखी एक गोष्ट, जी सोलापूरला जास्त जवळची आहे, ती कुठे सापडते?

आधी सिनेमाबद्दल

राम गोपाल वर्मा यांचा ‘द अटॅक्स ऑफ २६/११’ १ मार्च २०१३ रोजी प्रदर्शित झाला. कसाबला पुण्याच्या येरवडा कारागृहात फाशी झाली ती २१ नोव्हेंबर २०१२ रोजी. मोजून बघा, बरोबर शंभरावा दिवस. कसाबची भूमिका संजीव जयस्वाल या नवख्या अभिनेत्याने केली आणि नाना पाटेकर झाले तेव्हाचे गुन्हे शाखेचे सहआयुक्त राकेश मारिया.

काटेकोरपणे पाहिलं तर हा चरित्रपट नाही. कसाबचं बालपण, पाकिस्तानी पंजाबमधलं ओकारा जिल्ह्यातलं फरीदकोट हे गाव, घरची परिस्थिती, हे सगळं सिनेमात नावापुरतंच आहे. सिनेमा सुरू होतो तो मारिया एका चौकशी समितीसमोर बोलायला बसतात तिथून. मग ‘कुबेर’ या मच्छीमार बोटीचं अपहरण, लिओपोल्ड कॅफे, सीएसटी, कामा हॉस्पिटल, गिरगाव चौपाटी. ताजमध्ये नंतर तीन दिवस चाललेली एनएसजीची कारवाई जवळजवळ गाळलेली आहे. उत्तरार्ध म्हणजे कसाब आणि मारिया, समोरासमोर.

सीएसटीचा प्रसंग अंगावर येतो यात शंका नाही. त्या स्टेशनवर ५८ माणसं मेली. आपल्याकडून सिद्धेश्वर एक्सप्रेसने सकाळी सकाळी जिथे उतरायचं, तेच हे स्टेशन. पण रक्त इतकं संथ गतीने आणि इतक्या जवळून दाखवलंय की काही ठिकाणी मला दिग्दर्शकाचाच राग आला. हे माझं मत, तुमचं वेगळं असू शकतं.

या दिग्दर्शकाचा २६/११शी संबंध सिनेमाच्या आधीचा आहे. हल्ला संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३० नोव्हेंबर २००८ रोजी, तेव्हाचे मुख्यमंत्री विलासराव देशमुख ताजची पाहणी करायला गेले. त्यांच्यासोबत मुलगा रितेश होता आणि राम गोपाल वर्माही होते. टीव्हीवर ती दृश्यं दिसली आणि संतापाचा भडका उडाला. विलासरावांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं, त्यामागे ही भेट हे एक मोठं कारण मानलं जातं. इतकं होऊनही वर्मांनी त्याच विषयावर सिनेमा काढलाच.

कसाबने स्वतः काय सांगितलं होतं?

इथे गोष्ट रंजक होते, कारण कसाबने एकच कहाणी कधीच सांगितली नाही.

फेब्रुवारी २००९ मध्ये त्याने दंडाधिकाऱ्यांसमोर सविस्तर कबुलीजबाब दिला. खटला सुरू झाल्यावर तो फिरला, जबाब जबरदस्तीने घेतला म्हणाला. २० जुलै २००९ रोजी भर कोर्टात अचानक उभा राहून त्याने गुन्हा कबूल केला. त्याचे वकीलही चक्रावले. न्यायाधीश एम. एल. ताहिलियानी यांनी ते नोंदवून घेतलं, पण तेवढ्यावर शिक्षा दिली नाही. साक्षीपुरावे चालूच ठेवले.

आणि डिसेंबर २००९ मध्ये कसाबने कडी केली. आपण मुंबईत हिंदी सिनेमात काम मिळवायला आलो होतो, हल्ल्याच्या आधीच पोलिसांनी आपल्याला पकडलं आणि नंतर यात अडकवलं, असं त्याने कोर्टाला सांगितलं. म्हणजे ज्याच्यावर पुढे सिनेमा निघाला, त्याचा कोर्टातला शेवटचा बचाव ‘मी सिनेमासाठी आलो होतो’ हा होता!

अर्थात हा बचाव टिकला नाही. सीएसटीवर सबॅस्टियन डिसूझा या छायाचित्रकाराने काढलेला त्याचा फोटो होता, खांद्यावर बॅग आणि हातात रायफल. त्याला ओळखणारे साक्षीदार होते आणि त्यात हल्ल्यावेळी जेमतेम नऊ वर्षांची असलेली, पायाला गोळी लागलेली एक मुलगीही होती. ३ मे २०१० रोजी तो दोषी ठरला आणि ६ मे रोजी फाशीची शिक्षा झाली. हायकोर्टाने ती फेब्रुवारी २०११ मध्ये आणि सुप्रीम कोर्टाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी कायम केली.

सिनेमातला कसाब या सगळ्या कसाबांपैकी एकच आहे, पोलिसांच्या चौकशीतला. कोर्टातला, दर काही महिन्यांनी जबाब बदलणारा कसाब तिथे भेटत नाही. मृतदेह दाखवण्याच्या प्रसंगाला मारिया यांनी स्वतः सांगितलेल्या आठवणींचा आधार आहे, त्यामुळे ‘असं खरंच झालं होतं का’ याचं उत्तर ‘मारिया यांच्या सांगण्याप्रमाणे, हो’ असं द्यावं लागेल. नानांच्या तोंडचे लांबलचक संवाद मात्र सिनेमाचे.

आणि ती बिर्याणी?

नाही, ती नव्हती. कसाबने जेलमध्ये मटण बिर्याणी मागितली, ही गोष्ट आजही फॉरवर्ड होते. सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ मध्ये जयपूरच्या एका परिषदेत स्वतःच सांगून टाकलं की कसाबने बिर्याणी कधी मागितली नव्हती आणि त्याला दिलीही नव्हती. त्याच्याबद्दल सहानुभूतीचं वातावरण तयार होतंय असं वाटल्यामुळे ते मोडायला आपण तसं म्हणालो, असा त्यांचा खुलासा. म्हणजे कसाबबद्दलची सगळ्यात गाजलेली गोष्ट ना सिनेमावाल्यांनी रचली ना व्हॉट्सअ‍ॅपने.

दहशतवाद्यावर सिनेमा काढायला परवानगी लागते का?

त्याच्या घरच्यांची? साधारणपणे नाही. १९९४ मध्ये सुप्रीम कोर्टाने आर. राजगोपाल खटल्यात हा मुद्दा बराचसा मिटवला. तमिळनाडूत ‘ऑटो शंकर’ नावाने ओळखला जाणारा, खुनांच्या गुन्ह्यात फाशी झालेला कैदी होता. त्याचं आत्मचरित्र एक साप्ताहिक छापणार होतं आणि तुरुंग प्रशासनाने धमकावलं. कोर्टाने सांगितलं की जी माहिती सार्वजनिक नोंदींमध्ये, म्हणजे कोर्टाच्या कागदपत्रांतही आहे, तिच्या आधारे कोणाच्याही आयुष्यावर लिहायला त्याची संमती लागत नाही. त्यापलीकडे जाऊन खासगी आयुष्यात शिरलात तर मात्र जबाबदारी तुमची. चरित्रपटांचे वाद कोर्टात गेले की आजही याच निकालाचा दाखला दिला जातो.

सेन्सॉर बोर्ड वेगळं. हिंसेचं आणि समाजविघातक कृत्यांचं उदात्तीकरण किंवा समर्थन होता कामा नये, असं प्रमाणपत्रासाठीची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. दाखवायला बंदी नाही, गौरव करायला आहे.

खरी अडचण येते ती खटला चालू असताना. अनुराग कश्यपचा ‘ब्लॅक फ्रायडे’ आठवतो? १२ मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरचा, एस. हुसेन झैदी यांच्या पुस्तकावर बेतलेला. २००४ मध्ये लोकार्नोच्या महोत्सवात दाखवला गेला, २००५ च्या जानेवारीत थिएटरमध्ये यायचा होता. पण स्फोटांच्या खटल्यातल्या आरोपीने कोर्टात धाव घेतली. निकाल लागायच्या आत सिनेमात आम्हाला खऱ्या नावानिशी गुन्हेगार दाखवलंय, मग आम्हाला न्याय कसा मिळणार, हा मुद्दा. मुंबई हायकोर्टाने प्रदर्शन रोखलं आणि सिनेमा दोन वर्षं डब्यात पडून राहिला. टाडा कोर्टाने सप्टेंबर २००६ पासून निकाल द्यायला सुरुवात केल्यानंतरच, ९ फेब्रुवारी २००७ रोजी तो प्रदर्शित झाला.

ऐकायला विचित्र वाटतं, पण आरोपीचा तो मुद्दा चुकीचा नव्हता. कसाबच्या सिनेमाला हा अडथळाच आला नाही, कारण खटला संपला होता, अपील संपलं होतं, दयेचा अर्ज फेटाळला गेला होता आणि माणूसही उरला नव्हता.

सोलापूर यात कुठे येतं?

दोन ठिकाणी, आणि दोन्ही मोठी.

फाशीच्या वेळी केंद्रीय गृहमंत्री होते सुशीलकुमार शिंदे. सोलापूरच्या कोर्टात पट्टेवाला, मग फौजदार, मग राजकारण, ही त्यांची वाट आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ असते. राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज नोव्हेंबर २०१२ च्या सुरुवातीला फेटाळला. त्यानंतरची फाईल शिंदेंकडून महाराष्ट्र सरकारकडे आली आणि २१ तारखेला सकाळी साडेसातला फाशी होईपर्यंत बाहेर कोणालाच पत्ता लागला नाही. देशाला ती बातमी अधिकृतपणे सांगणारा माणूस सोलापूरचा होता.

दुसरे अर्थातच कामटे. हल्ल्याच्या काही महिने आधीपर्यंत ते सोलापूरचे पोलीस आयुक्त होते. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते, त्यामुळे माझ्याकडे ऐकीव गोष्टीच जास्त. पण त्या ऐकीव गोष्टी सोलापुरात आजही ताज्या आहेत. उंचपुरा, व्यायामाने कमावलेला देह; तरुणपणी पॉवरलिफ्टिंगमध्ये त्यांनी भारताचं प्रतिनिधित्व केलं होतं. २००७ मध्ये वाढदिवसाच्या रात्रीच्या गोंगाटावरून त्यांनी शेजारच्या कर्नाटकातल्या एका आमदाराला थेट अंगावर घेतलं, तो किस्सा तर चहाच्या टपरीवर अजूनही रंगतो. आजोबा एन. एम. कामटे मुंबई प्रांताचे पहिले भारतीय पोलीस महानिरीक्षक. घरातच वर्दी.

२००८ मध्ये त्यांची मुंबईत पूर्व विभागाचे अतिरिक्त आयुक्त म्हणून बदली झाली. २६ नोव्हेंबरच्या रात्री कामा हॉस्पिटलजवळ, रंगभवनच्या गल्लीत, ते, हेमंत करकरे आणि विजय साळसकर एकाच क्वालिस गाडीत होते. समोरून कसाब आणि अबू इस्माईल आले. कामटेंनी एके-४७ मधून केलेल्या गोळीबारात कसाबच्या हाताला गोळी लागली. तिन्ही अधिकारी आणि गाडीतले इतर पोलीस मारले गेले. मागे जखमी होऊन पडलेले अरुण जाधव तेवढे वाचले आणि त्यांनीच वायरलेसवरून खबर दिली. पुढे गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलीची नळी धरून ठेवली, गोळ्या झेलल्या, आणि कसाब जिवंत हाती लागला. करकरे, कामटे, साळसकर आणि ओंबळे या चौघांनाही मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

मग वाद काय आहे?

कामटे पूर्व विभागाचे. सीएसटी आणि कामाचा परिसर त्यांच्या हद्दीत येत नव्हता. ते तिथे कोणाच्या सांगण्यावरून गेले? अतिरेकी त्या गल्लीकडे येतायत हे नियंत्रण कक्षाला कळलं होतं का? मदत मागितली तर ती कधी पोहोचली? जखमी अधिकारी किती वेळ रस्त्यावर पडून होते?

हे प्रश्न त्यांच्या पत्नी विनिता कामटे यांनी विचारले. सरळ उत्तरं मिळेनात तेव्हा त्यांनी माहिती अधिकाराचा अर्ज केला आणि त्या रात्रीच्या नियंत्रण कक्षातल्या संभाषणाच्या नोंदी मिळवल्या. त्यातून २००९ मध्ये ‘टू द लास्ट बुलेट’ हे पुस्तक आलं. पत्रकार विनिता देशमुख त्याच्या सहलेखिका.

आता जोडून पाहा. त्या रात्री नियंत्रण कक्षाची सूत्रं राकेश मारिया यांच्याकडे होती. पुस्तकातले प्रश्न त्यांच्याकडेच रोखलेले होते. मारिया यांनी हे आक्षेप फेटाळले आणि २०२० मध्ये आलेल्या आत्मचरित्रातही आपली बाजू मांडली. सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीने ठपका ठेवला तो तेव्हाचे पोलीस आयुक्त हसन गफूर यांच्या नेतृत्वावर. कोण बरोबर, हा निकाल मी इथे बसून देणार नाही. पण ज्यांच्या त्या रात्रीच्या कामाबद्दल एका शहीद अधिकाऱ्याच्या कुटुंबाने जाहीर प्रश्न विचारले, त्यांच्याच जबानीवर राम गोपाल वर्मांनी अख्खा सिनेमा उभा केला, आणि तोही चौकशी समितीपुढच्या जबानीच्या रूपात. सिनेमा पाहताना प्रेक्षकाला हे कळायला काहीच मार्ग नाही. नाना पाटेकर बोलतात तेव्हा समोर बसलेली समिती गप्प होते, आणि आपणही.

शवागाराच्या क्लिपमध्ये गैर काही नाही, शेअर करणाऱ्यांनी खुशाल करावी. फक्त कामटे साहेबांच्या फोटोखाली ती लावताना हा संदर्भ माहीत असावा, एवढंच.

त्यानंतर २६/११ वर बरंच आलं. ‘हॉटेल मुंबई’ ताजमधल्या कर्मचाऱ्यांच्या बाजूने, २०२१ ची ‘मुंबई डायरीज’ मालिका डॉक्टरांच्या बाजूने, २०२२ चा ‘मेजर’ संदीप उन्नीकृष्णन यांच्यावर. दहशतवादीच केंद्रस्थानी ठेवणारा धाडसी प्रयत्न पाहायचा असेल तर हंसल मेहतांचा ‘ओमेर्टा’ बघा, राजकुमार राव त्यात ओमर सईद शेख झालाय. ओमर म्हणजे १९९९ मध्ये कंदाहार विमान अपहरणाच्या बदल्यात सोडलेल्या तिघांपैकी एक.

आणि कामटेंबद्दल वाचायचं असेल तर विनिता कामटेंचं पुस्तक मराठीतही आलेलं आहे. त्यातल्या वायरलेसच्या नोंदी वाचायला जरा कंटाळवाण्या आहेत. वेळ, निरोप, पुन्हा वेळ. घाई करू नका, घड्याळ जवळ ठेवून वाचा.