२.२ : एका आकड्याचा इतिहास

नवा मॉनिटर घरी आला की त्याच्या मेनूमध्ये ब्राइटनेस, काँट्रास्ट, रंगतापमान आणि गॅमा हे चार पर्याय बहुधा सापडतात. पहिल्या दोहोंशी आपण सारेच थोडेफार खेळून पाहतो, तिसऱ्याचा अर्थ अंदाजाने लावतो आणि चौथ्याच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. तेथे बहुतेक वेळा २.२ हा आकडा आधीच निवडलेला असतो. हा आकडा आला कोठून? तो २ का नाही, ३ का नाही? प्रश्न वरकरणी तांत्रिक आहे. परंतु पडद्यावर दिसणारे चित्र 'खरे' केव्हा म्हणावे, या जुन्या प्रश्नाशी त्याचे नाते आहे, म्हणून आम्ही त्याचा मागोवा घेण्याचे योजिले.

'गॅमा' ही संज्ञा संगणकाची नव्हे, दूरचित्रवाणीचीही नव्हे. ती छायाचित्रणातून आली. इंग्लंडमधील विडनेस या गावी अल्कलीच्या कारखान्यात काम करणारे फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफील्ड या दोघांनी छायाचित्रणाच्या काचांवर अनेक वर्षे प्रयोग केले आणि १८९० साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तोवर काचेवर प्रकाश किती पाडावा आणि ती रसायनात किती वेळ ठेवावी, हा बराचसा अंदाजाचा मामला होता. या दोघांनी एका अक्षावर पडलेला प्रकाश आणि दुसऱ्यावर काचेवर उमटलेला काळेपणा असा आलेख मांडला. प्रकाश मोजताना त्यांनी लॉगॅरिथमचा आधार घेतला. आलेखाचा मधला भाग जवळजवळ सरळ रेषेचा निघाला आणि त्या रेषेच्या चढाला त्यांनी गॅमा हे ग्रीक अक्षर दिले. काच रसायनात अधिक वेळ ठेवली की चढ वाढतो, म्हणजे उजेड आणि सावली यांतील अंतर अधिक ठळक होते. दृश्यातील प्रकाशभेद चित्रात किती प्रमाणात उतरतो, याचे ते माप होते.

पुढे १८९७ साली कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी कॅथोड किरण नलिका तयार केली आणि काही दशकांनी तीच दूरचित्रवाणी संचाचे हृदय झाली. या नलिकेची एक खोड होती. तिला दिलेला विद्युत संकेत दुप्पट केला तर पडद्यावरचा प्रकाश दुप्पट होत नसे. तो जवळजवळ साडेचार-पाच पट होई. संकेत आणि प्रकाश यांचे नाते घातांकाचे होते आणि तो घातांक दोन ते अडीचच्या आसपास येई. चढाच्या जुन्या संज्ञेचा येथे सहज उपयोग झाला आणि या घातांकालाही गॅमा म्हणू लागले. नलिकेच्या या स्वभावामुळे चित्रातील मध्यम छटा अकारण काळवंडत. त्यावर उपाय एकच : संकेत आधीच उलट दिशेने वाकवून घ्यायचा. तो कोठे वाकवायचा, हा प्रश्न अर्थकारणाचा होता. घरोघरीच्या लाखो संचांत ही यंत्रणा बसवण्यापेक्षा प्रक्षेपण करणाऱ्या बाजूला ती एकदाच बसवणे स्वस्त होते. तसेच झाले. अमेरिकेच्या १९५३ सालच्या रंगीत दूरचित्रवाणीच्या मानकात ग्राहकाच्या संचाचा गॅमा २.२ गृहीत धरला गेला.

येथे एक विलक्षण योगायोग घडला. अंधाऱ्या खोलीत एका पणतीशेजारी दुसरी लावली तर फरक लगेच जाणवतो; शंभर पणत्यांत आणखी एक मिळवली तर जाणवत नाही. डोळा प्रकाशातील वजाबाकीपेक्षा त्यातील प्रमाण ओळखतो. त्यामुळे गडद छटांतील सूक्ष्म भेद त्याला अधिक दिसतात. नलिकेसाठी वाकवलेला संकेत नेमका या स्वभावाला अनुरूप निघाला. संगणकाजवळ एका रंगाच्या छटेसाठी २५६ पायऱ्या असतात. २.२ गॅमामुळे त्यांतील बऱ्याच पायऱ्या गडद छटांच्या वाट्याला येतात. १२८ क्रमांकाची मधली पायरी पूर्ण उजेडाच्या फक्त २२ टक्के प्रकाश देते, तरीही डोळ्याला ती काळ्या-पांढऱ्याच्या साधारण मध्यावर वाटते.

रंगांच्या बाबतीतही असाच करार आहे. १९३१ साली आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने 'प्रमाण निरीक्षक' निश्चित केला. त्याला आधार होता इंग्लंडमधील दोन प्रयोगांचा : जॉन गिल्ड यांचे सात निरीक्षक आणि डेव्हिड राइट यांचे दहा. या सतरा जणांच्या नजरेची सरासरी आजही पडद्यांच्या रंगमापनाच्या मुळाशी आहे. दोन स्वतंत्र प्रयोगांचे निष्कर्ष परस्परांशी चांगले जुळले होते, त्यामुळे संख्या लहान असूनही पाया भक्कम ठरला. परंतु मोजमाप संपून पसंती सुरू झाली की गोष्ट बदलते. कोडॅकच्या रंगीत छपाईचा मेळ साधण्यासाठी अनेक वर्षे 'शर्ली कार्ड' वापरले जाई. त्यावर गोऱ्या वर्णाच्या स्त्रीचे छायाचित्र असे. तिचा चेहरा नीट आला म्हणजे रंग नीट आले, असे मानले जाई. सावळ्या चेहऱ्यांवरील छटा त्यात हरवत. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेले कार्ड येण्यास १९९० चे दशक उजाडावे लागले.

संगणकांच्या जगात मात्र बराच काळ एकमत नव्हते. मॅकिंटॉशचा पडदा १.८ गॅमा धरून चाले, इतर संगणक २.२ च्या आसपास. त्यामुळे एकीकडे सिद्ध केलेले चित्र दुसरीकडे काळपट दिसे. १९९६ साली ह्युलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एसआरजीबी हे समान रंगमानक सुचवले, १९९९ साली त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आणि २००९ साली मॅकनेही २.२ स्वीकारला. दरम्यान जुनी नलिका घराघरांतून नाहीशी झाली. आजच्या एलसीडी पडद्याच्या द्रवस्फटिकांना ती खोड नाही, त्यांचा स्वभाव निराळा आहे. तरीही आतल्या कोष्टकांच्या साहाय्याने त्यांना नलिकेसारखे वागायला लावले जाते. यंत्र गेले, पण त्याचा स्वभाव मानक होऊन उरला.

या इतिहासाचा आपल्याशी संबंध काय? आज घरोघरी आजी-आजोबांची जुनी छायाचित्रे स्कॅन केली जात आहेत. काळा कोट, काळी टोपी, गडद लुगड्याच्या निऱ्या, सावळे चेहरे : या चित्रांतील बरेचसे तपशील गडद छटांतच दडलेले असतात. ज्याचा पडदा प्रमाणापेक्षा काळपट आहे तो चित्र 'सुधारून' उजळ करतो आणि मूळ प्रतीवरच साठवून ठेवतो. पडदा पुढे बदलतो, चित्र मात्र कायमचे फिकट राहते. म्हणून आधी पडदा सुधारावा, मग चित्र. आणि मूळ प्रत कधीही मोडू नये.

पडदा सुधारणे फारसे अवघड नाही. अर्धा तास तो चालू ठेवावा, रात्रीचा पिवळसर प्रकाश देणारी सोय बंद करावी आणि रंगतापमान ६५०० केल्व्हिनवर आणावे. कारखान्यातून येणारे पडदे पुष्कळदा निळसर आणि नको तितके झगझगीत असतात. एसआरजीबीच्या कर्त्यांनी मंद उजेडाची, केवळ ६४ लक्सची खोली गृहीत धरली होती. खिडकीसमोर किंवा ट्यूबलाइटखाली बसून केलेली पारख त्यामुळे फसवी ठरते. काळ्याच्या अगदी जवळच्या छटा जेमतेम वेगळ्या दिसतील इतपत काळेपणा ठेवावा. शेवटी एकाआड एक काळ्या-पांढऱ्या बारीक रेषांचा चौकोन आणि त्याशेजारी १८६ क्रमांकाची सपाट करडी छटा मूळ आकारात घेऊन थोडे मागे सरून समोरून पाहावी. दोन्ही एकजीव दिसल्या की गॅमा २.२ जुळला.

इतके केल्यावर दिसणारे चित्र अंतिम सत्य असेल, असा आमचा दावा नाही. विडनेसच्या काचा, विस्मृतीत गेलेली नलिका आणि सतरा जणांची नजर यांतून जमलेला तो एक करार आहे. परंतु पुण्यात सुधारलेले आजीचे छायाचित्र नागपुरात किंवा न्यू जर्सीत बसलेल्या नातवाला तसेच दिसावे, अशी इच्छा असेल तर हा करार पाळण्यावाचून गत्यंतर नाही.