हॅमरस्मिथचे पहारेकरी आणि आपला जुना टीबी



सांधे धरले की आपल्याकडे एरंडेल, सुंठ आणि "वय झालं आता" हे ठरलेलं. पण ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हा निव्वळ म्हातारपणाचा आजार नव्हे, तिशी-चाळिशीतही तो गाठतो. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. त्यावरच्या एका मोठ्या औषधाचा इतिहास इथे लंडनमध्ये घडला, आणि त्याचं एक टोक थेट आपल्या घरांपर्यंत येतं. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी आनुवंशिकतेचं बघू. १९७० च्या दशकात अमेरिकेत डॅलसच्या पीटर स्टॅस्नी यांनी दाखवलं की या रुग्णांत डीआर४ हा जनुकप्रकार बराच जास्त आढळतो. मग सगळा दोष जनुकांचाच का? तर नाही. १९९३ साली ब्रिटनमधल्या जुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हुबेहूब जुळ्यांपैकी एकाला हा आजार असेल, तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण निघालं जेमतेम १५ टक्के. दोघांची जनुकं तीच, तरीही! तेव्हा आईला आहे म्हणून मुलीला होणारच, असं मुळीच नाही. जनुकं दार किलकिलं ठेवतात. आत आग कोण भडकवतं, हा प्रश्न उरतोच.

त्यामागे लागले दोघे जण, आणि दोघेही आपल्यासारखेच बाहेरून आलेले. रविंदर मैनी यांचा जन्म १९३७ चा, लुधियानाचा, बालपण युगांडात. मार्क फेल्डमन पोलंडमधल्या ज्यू कुटुंबात जन्मले आणि ऑस्ट्रेलियात वाढले. दोघांचं काम जुळलं चेरिंग क्रॉस हॉस्पिटलच्या आवारात (नाव चेरिंग क्रॉस, पण हॉस्पिटल हॅमरस्मिथला!).

दुखऱ्या सांध्याच्या अस्तरात मॅक्रोफेज या भक्षक पेशींची गर्दी असते. या पेशी म्हणजे उपजत प्रतिकारशक्तीचे पहारेकरी. रात्री शिट्टी मारावी तशा त्या टीएनएफ नावाचं प्रथिन सोडून इतरांना उठवतात. अशी दाह वाढवणारी प्रथिनं बरीच आहेत, तेव्हा एकालाच अडवून काय होणार, असं पुष्कळांना वाटे. पण १९८९ मध्ये त्यांच्या सहकारी फिओन्युला ब्रेनन यांनी सांध्यातल्या पेशींवर प्रयोग करून दाखवलं, की टीएनएफ अडवलं की आणखी एक महत्त्वाचं दाहक प्रथिनही ओसरतं. १९९२ मध्ये पहिल्या २० रुग्णांवर औषध वापरायला सुरुवात झाली आणि वर्षानुवर्षांची दुखणी काही दिवसांत हलकी झाली. २००२ साली नाइसने एनएचएससाठी अशा औषधांना मान्यता दिली. गंमत म्हणजे २००७ मध्ये या आजाराशी निगडित जनुकांत आणखी एक जागा सापडली, ती नेमकी टीएनएफच्या संदेशाला ब्रेक लावणाऱ्या जनुकाजवळची!

आता आपल्या कामाचं. हेच पहारेकरी आणि हेच टीएनएफ जुन्या टीबीच्या जंतूंना फुप्फुसात कोंडून ठेवतात. शिट्टी बंद केली की कोंडलेले जंतू सुटू शकतात. २००१ मध्ये अमेरिकेतून इन्फ्लिक्सिमॅब घेतल्यावर टीबी झालेल्या ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. २००५ मध्ये ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीने औषधाआधी टीबीचा धोका तपासण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. रुग्ण कुठल्या देशात जन्मला, हेही त्यात पाहायला सांगितलं आहे.

डॉक्टर विचारतात, पण आपण सांगतो का? माझ्या आजोळी एका मामांचा टीबी कायम "छातीचा त्रास"च राहिला, कारण घरात मुली लग्नाच्या होत्या. मिरजेच्या सॅनेटोरियममध्ये कोण राहून आलं, हे कित्येक घरांत पुढच्या पिढीला ठाऊकच नसतं. ते लपवण्यामागची भीती मला समजते. पण आज इथल्या क्लिनिकमध्ये तेच मौन अंगाशी येऊ शकतं. सुप्त टीबी आहे का, हे तपासता येतं. असलाच तर आधी त्याच्या गोळ्या सुरू करतात, मग हे औषध. म्हणजे औषध नाकारायचं कारण नाही, फक्त माहिती हवी.

तेव्हा पुढच्या रविवारी घरी फोन कराल तेव्हा आई-मावशीला एवढं विचाराच: आपल्याकडे टीबी कुणाला झाला होता?